पोटखराब्यातली धायटी

महसूल खात्याच्या दप्तरात ज्या जमिनीपुढे ‘पोटखराबा’ असा शेरा एकदा पडला, तिच्याकडे पुन्हा वळून पाहण्याचे प्रयोजन सहसा कोणाला उरत नाही. तिथे नांगर चालत नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून आकारणी नाही, आणि आकारणी नाही म्हणून सातबाऱ्याच्या एका रकान्यात तिचे क्षेत्र लिहून ठेवण्यापलीकडे सरकारदरबारी तिची दखल नाही. पुणे, सातारा, नाशिक ह्या जिल्ह्यांच्या पश्चिम अंगाला अशा जमिनीला तोटा नाही. ओढ्याकाठच्या तुटक दरडी, मुरमाड टेपाडे आणि खडक उघडा पडलेले डोंगरउतार सगळे ह्याच सदरात मोडतात. माघ सरत आला, गवत वाळून पिवळे पडले आणि ओढ्याचे पाणी डबक्यांपुरते उरले, की जिथे काही पिकत नाही अशी दप्तराची साक्ष आहे त्याच उतारांवर पुरुषभर उंचीची झुडपे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तांबड्या फुलांनी भरून जातात. ती धायटी. काही भागांत तिला धावशी म्हणतात, संस्कृत वैद्यकग्रंथांत ती धातकी ह्या नावाने येते, आणि वनस्पतिशास्त्राने तिला वुडफोर्डिया फ्रुटिकोझा असे नाव दिले आहे.

हे झुडूप रानात आपोआप उगवते, त्याला मुद्दाम लावायचे कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या वृक्षप्रेमाच्या इतिहासात आहे. १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सवाची प्रथा देशभर सुरू केली, तेव्हापासून ‘झाडे लावा’ हा मंत्र शाळेतल्या मुलापासून मंत्र्यापर्यंत सर्वांच्या तोंडी बसला. २०१९ च्या पावसाळ्यात तर महाराष्ट्र शासनाने एकट्या त्या हंगामासाठी ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट जाहीर केले होते. परंतु ह्या सर्व खटाटोपात वृक्ष तेवढा मोजला गेला, झुडपाची मोजदाद कोणी केली नाही. वास्तविक उघड्या पडलेल्या जमिनीवर निसर्ग स्वतः लागवड करतो तेव्हा तो आधी गवत आणतो, गवतामागून झुडूप आणतो, आणि झुडपाच्या सावलीत व पालापाचोळ्यात माती थोडी जमली की मग वृक्षाचे बी रुजू देतो. आपण मधली पायरी गाळून थेट वृक्षावर उडी घेतो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वाळलेल्या काठ्या पाहून पावसाला बोल लावतो. ओसाड उतारावर पहिला मान झुडपाचा असावा, आणि ते झुडूप त्याच मातीतले असावे, एवढेच ह्या लेखाचे सांगणे आहे. धायटी हे त्याचे एक उत्तम उदाहरण.

धायटीचे कुलगोत्र पाहिले तर ती थोरामोठ्यांची आप्त आहे. आपल्या राज्याचे पुष्प म्हणून मान पावलेला ताम्हण, हातावर रंगणारी मेंदी आणि फळबागांतले डाळिंब ही सगळी तिच्याच कुलातली. अंगाने मात्र ती अगदी साधी. बुडापासूनच अनेक फांद्या फुटतात, त्या लांब वाढतात, आणि आपल्याच भाराने कमानीसारख्या वाकून जमिनीकडे झुकतात. साल पातळ असून तिचे तंतुमय पापुद्रे सुटतात. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, देठ जवळजवळ नाहीच; पान उलटून पाहिले तर खालची बाजू करडी दिसते आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके असतात. धायटी ओळखण्याची ही खात्रीची खूण. फुलांच्या वेळी बरीच पाने गळून गेलेली असतात, त्यामुळे जुन्या फांद्यांना लगडलेले फुलांचे झुबके दुरूनही नजरेत भरतात.

त्यांतले एक फूल खुडून तळहातावर घेतले, तर प्रथम एक नवल लक्षात येते. ज्याला आपण फूल म्हणतो तो सारा तांबडेपणा पाकळ्यांचा नाहीच. तो आहे निदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेष्टनाचा. हे वेष्टन सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीची किंचित वाकडी नळी असून तिचे बूड हिरवट व तोंड लालभडक असते. पाकळ्या सहा, पण दोऱ्यासारख्या बारीक, शोधल्याशिवाय दिसत नाहीत. नळीच्या तोंडातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात, आणि त्यांच्याही पुढे कुक्षीवृंत येतो. मध नळीच्या तळाशी साठलेला असतो. फूल उमलून गेल्यावर पाकळ्या गळतात, पण नळी गळत नाही. तिच्या आतच बोंड धरते आणि पिकते, त्यामुळे झुडपाची लाली बहर ओसरल्यावरही बरेच दिवस टिकते.

ह्या रचनेत पाहुण्यांची निवड आधीच झालेली आहे. मधमाशीच्या डोळ्यांना तांबडा रंग नीटसा उमगत नाही, पक्ष्यांना तो उत्तम दिसतो. आणि नळीच्या तळाशी पोचायचे तर लांब, बारीक चोच हवी. शिंजीर, ज्याला सूर्यपक्षी असेही म्हणतात, तो ह्या सोयरिकीचा खरा मानकरी. तो फांदीवर ठाण मांडून बसतो, मान वाकवून चोच नळीत घालतो, आणि तेवढ्या क्षणात बाहेर आलेल्या केसरांचे पराग त्याच्या चोचीच्या बुडाशी माखतात. दुसऱ्या झुडपावर गेला की तेच पराग तिथल्या कुक्षीला लागतात. शिंजिरामागून बुलबुल येतात, चष्मेवाला नावाच्या पक्ष्यांचे थवे येतात. परंतु ज्यांच्यासाठी ही मेजवानी मुख्यत्वे मांडलेली नाही त्या मधमाश्याही तिथे दाटीवाटी करतात, कारण रंग उमगला नाही तरी मध कुठे आहे ते कळण्याची त्यांची इतर साधने शाबूत असतात. आग्या, सातेरी, फुलोरी ह्या आपल्या तिन्ही मधमाश्या आणि पिवळे-काळे भुंगे बहराच्या दिवसांत सकाळपासून धायटीवर दिसतात.

ह्या बहराचे मोल त्याच्या वेळेत आहे. धायटी साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फुलते. पावसाळ्याच्या शेवटी रानोमाळ फुललेल्या तेरड्या-सोनकीचा हंगाम तेव्हा कधीच संपलेला असतो, गवत वाळलेले असते, ओलावा खोल गेलेला असतो. अशा वेळी जमिनीलगतच्या थरात मध आणि पराग एकाच वेळी पुरवणारी झुडपे फार नसतात. हेच दिवस शेतकऱ्याच्याही निकडीचे असतात. कांद्याचे डोंगळे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, आणि त्यांत बी भरण्याचे काम बहुतांशी मधमाश्यांच्या येण्याजाण्यावर अवलंबून असते. सूर्यफुलाचीही तीच कथा. आता मधमाशी पिकापुरती भाड्याने आणता येते, हे खरे. पण आणली मधपेटी, तरी पीक फुलण्याआधी आणि फुलून गेल्यावर तिच्या पोटाची तरतूद कोणी करायची? बांधावर आणि पोटखराब्यात उभी असलेली झुडपे ही तरतूद फुकट करतात. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, त्याचे कौतुक सर्वत्र झाले. परंतु पेट्या आणि मधपाळ ह्यांच्या पाठीशी तिथे भोवतालचे रान उभे आहे, ही गोष्ट त्या कौतुकात बऱ्याचदा बाजूला पडते.

झुडपाचे दुसरे काम जमिनीवरचे. महाबळेश्वराला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि घाटमाथ्यावरच्या इतर गावांनाही तो कमी नसतो. उघड्या मुरमावर पडणारा पावसाचा थेंब हा निरुपद्रवी दिसला तरी मातीचा कण उखडण्याचे काम तोच प्रथम करतो. वाहते पाणी मागाहून येते आणि सुटलेला कण उचलून ओढ्यात नेते. धायटीच्या वाकलेल्या फांद्या हा पहिला आघात अंगावर घेतात, थेंब फुटून तुषार होऊन खाली येतात. खाली पडलेला पाला पाण्याचा वेग मोडतो. आणि त्या पाल्याआड अडकलेल्या मातीत पुढच्या वर्षी गवताचे बी उगवते. ती गालिच्यासारखी जमिनीला चिकटून वाढत नाही, हे खरे. पण दीड मीटरवर लावलेल्या दोन धायट्यांच्या फांद्या काही वर्षांत एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्याखाली जी सावली पडते ती जमिनीचे पांघरूणच होय. शिवाय ती चिवट आहे. वणव्यात वरचा भाग जळाला किंवा सरपणासाठी कोणी तोडून नेला, तरी बुडखा जिवंत राहतो आणि त्यातून नवे धुमारे येतात.

मात्र झुडपाच्या अंगी नसलेले सामर्थ्य त्याला चिकटवणे बरे नव्हे. माती धरण्याचे त्याचे काम वरच्या थरापुरते आहे. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर जसा डोंगरच खाली आला, तशी खोलवरची दरड कोणत्याही झुडपाच्या मुळांनी थोपत नसते. तिथे उताराची कापणी, पाण्याच्या वाटा आणि बांधकामाची जागा ह्यांचाच विचार करावा लागतो. धायटीने थांबते ती दरवर्षी गुपचूप होणारी झीज, जिची बातमी होत नाही पण जिच्यामुळे ओढा गढूळ होतो आणि तळे गाळाने भरते.

जमीन झाकायचीच असेल तर घाणेरी काय वाईट, असे विचारणारे भेटतात. घाणेरी, म्हणजे टणटणी, मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी हिंदुस्थानात आली आणि आयत्या बिळावर नागोबा व्हावा तशी आपल्या माळरानांवर हक्क सांगून बसली. तिच्यावर फुलपाखरे येतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्या दाट जाळीखाली गवत तग धरत नाही, स्थानिक रोपे वर येत नाहीत, तिचा पाला गुरांना विषारी आहे, आणि तिने घेतलेली जागा ती आपण होऊन सोडत नाही. गिरिपुष्पाची गोष्ट थोडी निराळी. मध्य अमेरिकेतले हे झाड झपाट्याने वाढते आणि त्याच्या पाल्याचे खत चांगले होते, म्हणून कित्येक टेकड्यांवर ते सढळ हाताने लावले गेले. परंतु टेकडीभर एकच जात उभी राहिली, की वर्षातले मोजके दिवस सोडले तर तिथल्या कीटकांना आणि पक्ष्यांना खाण्यासारखे काही उरत नाही. उतार हिरवा दिसणे आणि उतार नांदता असणे ह्यांत हे अंतर आहे.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. धायटीची बोंडे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. ती तपकिरी झाली पण फुटली नाहीत अशा अवस्थेत, वाळलेल्या नळीसकट, कागदावर झाडून घ्यावीत आणि सावलीत दोन-चार दिवस पसरावीत. बोंड चुरडल्यावर जे बी निघते ते इतके बारीक असते की वाऱ्याच्या झुळकीनेही उडून जाते, म्हणून हे काम आडोशाला करावे. पेरण्यासाठी गादीवाफा किंवा पसरट खोका घेऊन त्यात चाळलेली माती, बारीक वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत ह्यांचे मिश्रण भरावे. बी मूठभर वाळूत मिसळून वर भुरभुरावे, आणि मातीखाली गाडू नये. नुसते हाताने थोपटले तरी पुरे. झारीच्या जाड धारेने बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते, त्यामुळे पाणी बारीक फवाऱ्यानेच द्यावे, किंवा खोका पाण्याच्या परातीत ठेवून माती खालून भिजू द्यावी. उगवलेली रोपे प्रथम इतकी नाजूक असतात की भर पावसाची एक सर त्यांना झोपवते; त्यांच्यावर छप्पर किंवा जाळीची सावली असणे जरूर आहे. चार-सहा पाने आली की एकेक रोप पिशवीत हलवावे आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत तिथेच वाढवावे. बियांचा हा खटाटोप नको असेल तर पावसाळ्यात अर्धवट जून झालेल्या फांदीची वीतभर छाट वाळूत लावून फाटे कलम करता येते; पण सगळी कलमे एकाच झुडपाची घेऊ नयेत, नाहीतर उतारभर एकाच झुडपाच्या प्रती उभ्या राहतात आणि परागांची देवघेव नावापुरती उरते.

जागा निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात: ऊन भरपूर असावे आणि पाणी साचू नये. मुरूम, दगडगोटे, जांभा ह्यांची तिला हरकत नाही. उतारावर सलग समतल चर काढलेले असतील, तर चरातून निघालेल्या मातीच्या बांधावर, तिरकस ओळींत, एक ते दीड मीटर अंतराने हातभर खोलीचे खड्डे घ्यावेत. पावसाने जोर धरून जमीन आतपर्यंत भिजली की रोपे लावावीत, आणि पिशवी पूर्ण काढून टाकावी; पिशवीसकट रोप पुरण्याचा प्रकार आपल्या वृक्षारोपणाच्या समारंभांत सर्रास दिसतो आणि त्याची फळेही तशीच मिळतात. खड्ड्यात ओंजळभर शेणखत पुरे, रासायनिक खताची गरज नाही. पहिल्या हिवाळ्यात भोवतालचे गवत उपटून न टाकता कापावे आणि त्याचेच आच्छादन बुंध्याशी, पण बुंध्याला न भिडवता, पसरावे. पहिल्या उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी पाणी मिळाले तर रोप जगते. पुढे पाण्याची मिजास तिला लागत नाही. फुलांसाठी दोन-तीन पावसाळे थांबण्याची तयारी ठेवावी. छाटणी करायचीच असेल तर बी झडून गेल्यावर, पावसाच्या तोंडावर करावी; दिवाळीनंतर छाटले तर येणाऱ्या बहरावरच कुऱ्हाड पडते. ज्यांच्यापाशी उतार नाही, केवळ गच्ची आहे, त्यांना मोठ्या कुंडीतही ती लावता येते. शहरात शिंजिरांची वस्ती आपण समजतो त्याहून अधिक आहे, आणि ते बहर शोधून काढतात.

एकट्या धायटीवर भिस्त ठेवू नये. ती वर्षाचे तीन-चार महिने सांभाळते. बाकीच्या महिन्यांसाठी तिच्या शेजारी इतरांना जागा द्यावी. पावसाळ्यात मुरुडशेंग फुलते आणि तिच्यावरही शिंजीर येतात. पावसाळ्याच्या अखेरीस तरवड पिवळ्या फुलांनी भरतो, ज्यात मध नसतो पण पराग भरपूर, आणि मोठे भुंगे पंखांच्या कंपनाने ते परागकोशांतून झटकून घेतात. हिवाळ्यात कोरांटी, उन्हाळ्याच्या आरंभी करवंद, आणि ओढ्याच्या काठाला निर्गुडी. ह्या सर्वांच्या मधून गवत राहू द्यावे. त्याबरोबर एक गोष्ट बागायतदाराच्या मनाला पटवून घ्यावी लागते: जमीन काठोकाठ झाकू नये. पोळे न बांधता एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या जाती संख्येने पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक उघड्या, कोरड्या, घट्ट मातीत बीळ करून अंडी घालतात. उन्हाच्या बाजूला अंथरुणाएवढी जागा मोकळी सोडली तर त्यांची सोय होते. आणि फुलांच्या दिवसांत जवळच्या पिकावर कीटकनाशक मारणे अटळच असेल, तर ते मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी उशिरा मारावे.

धायटीच्या फुलांना माणसाचीही जुनी मागणी आहे. चरकसंहितेत फुलांपासून होणारे दहा आसव सांगितले आहेत, त्यांत धातकीची गणना होते. आणि आजही अनेक आसव-अरिष्टांच्या पाठात वाळलेली धायटीची फुले असतात, कारण त्यांच्या मधुकोशातले किण्व गुळाच्या पाण्याला आंबवण्याचे काम करते आणि फुलांतले तुरट द्रव्य औषधात उतरते. पूर्वी ह्याच फुलांनी रेशीम रंगवीत. ही फुले मुख्यतः रानातूनच गोळा होतात, आणि डोंगरवस्तीतल्या कुटुंबांना ऐन उन्हाळ्यात, मजुरी आटलेली असताना, त्यांपासून चार पैसे मिळतात. ह्या वहिवाटीला नाक मुरडण्याचा अधिकार शहरातल्या औषध पिणाऱ्याला नाही. प्रश्न रीतीचा आहे. फांदी ओरबाडून काढली की त्या वर्षीचा मध, बी आणि पुढची रोपे तिन्ही जातात. प्रत्येक झुडपावरचा काही भाग राखला, आणि मध ओसरल्यावर पण बोंड पिकण्याआधी न ओरबाडता हाताने फुले खुडली, तर सर्वांचाच वाटा शिल्लक राहतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे; हक्काबरोबर असा जाबता घालून देणेही ग्रामसभेच्याच हाती आहे. आणि पोटखराब्यात धायटी वाढली, तर रानावरचा बोजा तेवढा हलका होतो.

हे सर्व जमवायचे तर मुख्य अडचण पैशाची किंवा जमिनीची नाही, रोपांची आहे. बहुतेक रोपवाटिकांत मागितले तर बोगनवेल मिळते, गिरिपुष्प मिळते, धायटी मिळत नाही. आणि मिळत नाही म्हणून कोणी मागत नाही. जूनमध्ये वृक्षारोपणाची तारीख ठरल्यावर जो कारकून रोपांची यादी करायला बसतो, त्याला इच्छा असूनही तिच्यात धायटी घालता येणार नाही, कारण त्या जूनची रोपे आदल्या वर्षीच्या वैशाखात बोंडे गोळा करूनच तयार होतात. म्हणून ज्या ग्रामपंचायतीला, शाळेला किंवा गृहनिर्माण संस्थेला आपल्या उतारावर धायटी हवी असेल, तिने रोपवाटिकेला मागणी आदल्या वर्षीच्या वैशाखाआधीच द्यावी, आणि दर दहा खड्ड्यांत निदान चार झुडपांचे असावेत असा ठराव मागणीआधी करून ठेवावा.